पळताना दम संपत आला की पावलांचा आवाज का बदलतो?

खाडीकिनारी
नमस्कार मंडळी. मी नेरूळला राहते, वय ४२, साडेतीन वर्षं झाली पळायला लागून. दर रविवारी पाम बीच मार्गावर लांब पल्ला मारते. आतापर्यंत पाच हाफ मॅरेथॉन झाल्या. दुखापत म्हणावी अशी कधी झाली नाही, पण गेल्या महिन्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

त्या रविवारी १८ किलोमीटर पळायचे होते. लेक नववीत आहे, तो सायकलवरून सोबत आला होता आणि मधूनमधून मोबाइलवर मागून चित्रण करत होता. घरी येऊन दोघांनी बघितलं. तिसऱ्या किलोमीटरला माझ्या पावलांचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. हलकं टप, टप, टप. सोळाव्याला मात्र फट्, फट्, फट्! ओल्या लादीवर चप्पल आपटत चालावं तसा. लेक म्हणाला, "आई, डोळे मिटून ऐक, दोन वेगळ्या बायका पळतायत असं वाटतं."

मग नीट निरखून पाहिलं. डावा पाय जमिनीवर असताना उजवीकडची कंबर खाली जाते आणि डावा गुडघा आत वळतो. खांदे कानाशी आलेत. सुरुवातीला ह्यातलं काहीच नाही. डाव्या बुटाचा तळ आतल्या कडेला जास्त घासलाय, ते आधी दिसलं होतं पण लक्ष दिलं नव्हतं.

घड्याळातले आकडे: पहिल्या दहा किलोमीटरना वेग साधारण किलोमीटरला ६:३८ मिनिटं आणि मिनिटाला १६४ पावलं. शेवटच्या तीनला ७:२० आणि १६० पावलं.

प्रश्न असा, की दमल्यावर ढब बिघडते हे तर दिसतंच आहे. तेव्हा ती आठवणीने, जोर लावून सुधारायची? की ते शरीराचं शहाणपण समजून तसंच पळायचं आणि मुळात दम कसा वाढेल ते बघायचं? आमच्या गटात दोन्ही सांगणारे आहेत आणि दोघंही ठामपणे सांगतात.

नुसतावाचक
फार छान प्रश्न. वाचतोय. खुर्ची पकडून ठेवली आहे.

येऊरचा_वाटाड्या
ताई, लेकाला शाबासकी द्या. कान ही पळणाऱ्याची सगळ्यात जुनी आणि फुकटची मशीन.

माझं वय ६१. उपवन तलावापासून येऊरच्या चढाने वर आणि परत, असं बावीस वर्षं चाललंय. आमच्याकडे घड्याळं नव्हती तेव्हा एकच नियम होता. आवाज बदलला की वेग कमी, तरी पूर्ववत झाला नाही तर चाल, चालूनही पाय नीट पडत नसेल तर रिक्षा. उतरताना तर हे फार महत्त्वाचं. येऊरच्या उतारावर पाय आपटायला लागले की दोन दिवसांनी जिना उतरताना कठड्याला धरून उतरावं लागतं.

माझं उत्तर: ढब सुधारू नका, तिथे थांबा. बिघडलेल्या ढबीने मारलेले तीन किलोमीटर वहीत चढतात, अंगी लागत नाहीत.

आकडेमोड
ऐरोलीत नोकरी, घणसोलीत मुक्काम, आकड्यांची आवड. ताईंच्या आकड्यांचा हिशेब मांडतो.

६:३८ म्हणजे मिनिटाला साधारण १५१ मीटर. भागिले १६४, एक पाऊल ९२ सेंटिमीटर. ७:२० म्हणजे मिनिटाला १३६ मीटर. भागिले १६०, एक पाऊल ८५ सेंटिमीटर.

म्हणजे पावलांची संख्या अडीच टक्क्यांच्या आसपास घटली, पण पावलाची लांबी सात टक्क्यांहून जास्त घटली. पाय उचलायचा ताल बराचसा टिकून आहे, मागे ढकलायची ताकद गेली आहे. नुसता वेग बघितला असता तर हे कळलं नसतं.

आणखी एक. ह्या वेगाने हाफ मॅरेथॉन म्हणजे अंदाजे २३,००० पावलं, एका पायाच्या वाट्याला साडेअकरा हजार. बिघडलेल्या ढबीचे शेवटचे तीन किलोमीटर धरले तरी डावा पाय सतराशेच्या वर वेळा तसा पडतो. एकदा वाकडा पडला तर काही नाही. सतराशे वेळा हा वेगळा मामला आहे.

मिसळपुराण
सतराशे वेळा! माझी पावलं तर पळून झाल्यावर मामलेदारची तर्री दिसली की आपोआप लांब पडायला लागतात. तेव्हाची मापं घेतली पाहिजेत.

आकडेमोड
@मिसळपुराण, पुढच्या रविवारी घड्याळ माझं, मिसळ तुमची. मापं घेऊच.

स्नायुगाथा
मी फिजिओथेरपिस्ट आहे, ठाण्यात. पळणारे रोज येतात, आणि ताईंनी जेवढं नीट टिपलंय तेवढं फार कमी जण टिपतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या 'फट्' बद्दल. नडगीच्या पुढच्या बाजूला, हाडाच्या किंचित बाहेरच्या अंगाला एक स्नायू असतो. पाऊल वर उचलून धरा आणि बोटाने चाचपा, टणक लागेल. टाच आधी टेकवून पळणाऱ्यांमध्ये टाच टेकल्यावर पुढचं पाऊल हळूच खाली ठेवायचं काम त्याचं. दाराला बसवलेला क्लोजर असतो ना, दार आपटू न देणारा, अगदी तसा. तो थकला की दार आपटतं. तुमच्या लेकाने ऐकलं ते हेच.

आता पाऊल का आखडलं. पळणं म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर मारलेल्या उड्या. प्रत्येक उडीला जमीन आपल्याला वजनाच्या साधारण दोन ते तीन पट जोराने परत ढकलते. टाचेच्या वरचा जाड दोर, अकिलीस टेंडन, त्यावर तर वजनाच्या सहा-सात पट ताण येतो. हा दोर स्प्रिंगसारखा ताणला जातो आणि सुटताना ऊर्जा परत देतो, म्हणून पळणं आपल्याला परवडतं. पण दोर ताणला जायचा तर त्याला जोडलेल्या पोटरीने घट्ट धरून ठेवावं लागतं. पोटरी दमली की ती स्वतःच ढिली सुटते, स्प्रिंग सैल पडते, पाय जमिनीवर जास्त वेळ रेंगाळतो आणि मिळणारी उसळी कमी होते. फिनलंडच्या पावो कोमी ह्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली मॅरेथॉनच्या आधी आणि नंतर हे मोजलं होतं. पळणाऱ्यांची धक्का झेलून लगेच उसळायची क्षमता शर्यतीनंतर चांगलीच घटलेली होती.

कंबर खाली जाते ते नितंबाच्या बाजूच्या स्नायूमुळे. एका पायावर उभं असताना ओटीपोटाचा तराजू समतोल ठेवणं हे त्याचं काम. डाव्या बाजूचा थकला की उजवं पारडं खाली. मग मांडी आत वळते, मागोमाग गुडघा आत, पाऊल आत, आणि बुटाची आतली कड झिजते. एकच साखळी आहे ती.

मूळ प्रश्नाचं उत्तर संध्याकाळी लिहिते, पेशंट आलेत.

खाडीकिनारी
दाराच्या क्लोजरचा दाखला वाचून आत्ता पाऊल वर करून चाचपलं. डावीकडे दाबलं तर दुखतंय! उजवीकडे नाही. रोज किती वेळा पायांना तेल लावते, पण हा स्नायू आहे हेच माहीत नव्हतं.

अनवाणी
जरा वेगळं मत मांडतो, राग नसावा.

शरीर बिघडत नाही, जुळवून घेतं. पोटरी दमली की ते मांड्यांकडून जास्त काम घेतं, पाऊल छोटं करतं, गुडघा जास्त वाकवतो आपण. ह्याला 'चूक' का म्हणायचं? मी कोपरीच्या खाडीकडच्या रस्त्यावर पंधरा वर्षं पळतोय, त्यातली सहा वर्षं जवळपास बुटांशिवाय. कधी व्हिडिओ काढला नाही. ज्या दिवशी गटातल्या एकाने 'तुमचा उजवा हात आडवा जातो' सांगितलं, त्या दिवसापासून पुढचे दोन महिने माझं सगळं लक्ष हातावर, आणि त्या दोन महिन्यांतच पहिल्यांदा पाठ धरली. हात सोडून दिला, पाठ सुटली.

ताई, दुखत नाही ना काही? मग मोबाइल खिशात ठेवा. पळण्याचा आनंद गेला तर उरलं काय.

येऊरचा_वाटाड्या
@अनवाणी, तुमचं म्हणणं मी अर्धं मानतो. पण ताईंना दाबल्यावर दुखतंय आता. दुखणं बोलायच्या आधी बूट बोलला होता.

वर्दीचं_स्वप्न
नमस्कार. मी कळव्याहून. पोलीस भरतीची तयारी करतोय. इथे सगळे लांब पळणारे आहेत, आमचं १६०० मीटर आहे, तरी विचारतो.

४०० मीटरच्या चार फेऱ्या. माझी पहिली ७५ सेकंदांत, दुसरी ८२, तिसरी ८८ आणि चौथी ९७. एकूण ५:४२. शेवटच्या फेरीत मान मागे जाते, हात छातीवर येतात, पाय उचलतच नाहीत. सर ओरडतात "गुडघे वर, गुडघे वर", पण ते माझे राहिलेलेच नसतात. हा पण तोच थकवा का? का माझ्यात ताकद कमी आहे?

खारघरची_चढण
वर्दी, तुझी पहिली फेरीच फार वेगात आहे बाळा. बाकीचं जाणकार सांगतील.

उताराबद्दल काकांनी लिहिलंय त्याला माझी भर. मागच्या सप्टेंबरमध्ये सातारा हिल हाफ केली. यवतेश्वरचा घाट चढताना मी एकदम खूश, माझ्यापेक्षा तरुण मुलींना मागे टाकलं. उतरताना वाटलं आता काय, उतारच तर आहे. पण शेवटच्या चार किलोमीटरमध्ये मांड्या थरथरायला लागल्या. पाय टेकला की गुडघा मला न विचारता वाकायचा. श्वास एकदम व्यवस्थित होता, बोलू शकत होते, पण पाय नाहीत! आणि खरं दुखणं दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशी. बसायला गेले की ओरडायचे.

तेव्हा कळलं की दम जाणं आणि पाय जाणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो, आणि तेच काम त्याला सगळ्यात जास्त फाडतं. ह्या वर्षी जूनपासून खारघरच्या टेकडीवर आठवड्यातून एकदा उतार पळायला घेतला, आधी थोडा, मग वाढवत. दुसऱ्याच आठवड्यात दुखणं निम्म्यावर आलं. स्नायू एकदा सोसलं की लक्षात ठेवतो.

सीवूड्सची_सर
वाखूसा (वाचनखूण साठवली). रुमाल टाकून ठेवते.

रात्रपाळी
मी परिचारिका आहे. आठवड्यातून तीन रात्री कामावर. सकाळी सुटल्यावर घरी जाण्याआधी घोडबंदर रोडच्या सेवा रस्त्याने पाच-सहा किलोमीटर पळायची सवय होती.

फेब्रुवारीत पडले. पेव्हर ब्लॉक एक बोटभर वर आलेला, बुटाचं टोक अडकलं आणि दोन्ही तळहात सोलले. तो ब्लॉक तिथे वर्षभर तसाच आहे, मी रोज त्यावरून गेले आहे. मग त्याच दिवशी का अडकले? त्या रात्री आठ तास बसायला मिळालं नव्हतं. पाय पुढे आणताना जेवढा उचलला जायला हवा तेवढा उचललाच गेला नाही, दोन बोटांचा फरक पडला असेल.

स्नायू पळूनच थकतात असं नाही, हे सांगायचं होतं. डोकं दमलं तरी थकवा तोच. २००९ साली सॅम्युएले मार्कोरा ह्यांच्या गटाने १६ जणांवर प्रयोग केला होता. दीड तास डोक्याला ताण देणारं काम करायला लावलं आणि मग सायकल चालवायला दिली. हृदय, स्नायू सगळं ठीक, पण ते लवकर थांबले: सरासरी ६४० सेकंदांत, आणि ताजे असताना ७५४ सेकंदांत. त्यांना तेवढंच काम जास्त जड वाटत होतं. आता मी रात्रपाळीनंतर पळत नाही, झोपते.

आकडेमोड
@रात्रपाळी, हाताला आता बरं आहे ना? काळजी घ्या. तुमचं काम आधीच उभ्याने मॅरेथॉन आहे.

अवांतर नाही, मुद्द्याचंच: थकल्यावर टाचेवर पडणारे वाढतात ह्याची मोजणी झाली आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्यातल्या मँचेस्टर शहराच्या मॅरेथॉनमध्ये चित्रण करून पावलं मोजली, तो अभ्यास २०११ साली आला. २८६ मॅरेथॉनपटू १० किलोमीटरला आणि ३२ किलोमीटरला, दोन्हीकडे टिपले. टाच आधी टेकवणारे ८७.८ टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर गेले. म्हणजे बहुतेक जण मुळातच टाचेवर पडतात, आणि उरलेल्यांतलेही काही पोटरी दमली की टाचेवर येतात.

अनवाणी
९३ टक्के लोक करतात ते 'बिघाड' कसं? मुद्दा माझ्याच बाजूचा झाला की हा.

स्नायुगाथा
आले. @अनवाणी, टाचेवर पडणं हा बिघाड नाहीच, इथे आपलं एकमत. मी कुणालाही टाचेवरून पंज्यावर आणत नाही, पोटऱ्या आणि अकिलीस धरून परत माझ्याकडेच येतात. ताई आधीपासून टाचेवरच पडत असणार. बदल कुठे पडतं ह्यात नाही, कसं पडतं ह्यात आहे.

आणि तुमचं 'जुळवून घेणं' हेही खरं आहे. गुडघा जास्त वाकवून पळालं की वरच्या अंगाला बसणारा हादरा कमी होतो. पण त्याची किंमत असते, तसं पळायला प्राणवायू बराच जास्त लागतो. म्हणजे दमलेला माणूस आणखी महाग पद्धतीने पळतो. शिवाय हादरा पचवायचं स्नायूंचं काम राहिलं की तो हाडावर जातो. नडगीच्या हाडाला जी बारीक चीर जाते तिची सुरुवात बऱ्याचदा अशीच होते: थकलेल्या पायांवर, पुन्हा पुन्हा, मध्ये विश्रांती नाही. शरीर आजचा पल्ला संपवायला जुळवून घेतं. पुढच्या महिन्याचा विचार आपल्यालाच करावा लागतो.

तुमच्या हाताची गोष्ट मात्र मला फार पटली. पळताना लक्ष स्वतःच्या हालचालीवर ठेवलं तर तेवढ्याच वेगाला जास्त प्राणवायू खर्च होतो आणि लक्ष आजूबाजूला ठेवलं तर कमी, असं जर्मनीत २००९ साली मोजलं गेलंय. म्हणून 'गुडघा बाहेर, कंबर वर, खांदे खाली, पोट आत' अशी यादी दमलेल्या माणसाला देणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचं पुस्तक देणं. एकच खूण द्यावी.

माझी खूण ताल. पळण्याचा वेग तोच ठेवून पावलांची संख्या पाच टक्के वाढवली की गुडघ्यावरचा भार कमी होतो, आणि दहा टक्के वाढवली की खुब्यावरचाही, हे विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हायडरशाइट ह्यांनी २०११ साली ४५ जणांवर दाखवलं. १६४ चे पाच टक्के म्हणजे १७२. ते मिनिटाला १८० पावलांचं वेड सोडा. पळण्याचे प्रशिक्षक जॅक डॅनिएल्स ह्यांनी तो आकडा १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधल्या धावपटूंना मोजून सांगितला होता. ती माणसं शर्यतीत किती वेगाने पळत होती ते बघा आणि आपण पाम बीचवर किती वेगाने पळतो ते बघा.

तर ताई, पहिले दहा किलोमीटर थोडे हळू. आवाज बदलला की फक्त ताल मोजा: अर्धा मिनिट डाव्या पायाची पावलं, ४२-४३ भरली की ठीक. दोन मिनिटं करूनही आवाज मऊ झाला नाही तर काकांचं ऐका आणि चाला. घरी एका पायावर टाच वर उचलायचा व्यायाम, खालच्या पायरीवर चढ-उतार, आणि टाचेवर चालणं, नडगीच्या त्या स्नायूसाठी. आणि दाबल्यावर दुखतंय ती जागा मांसात आहे की हाडावर, हे नीट तपासा. हाडावर एकाच बोटाएवढ्या जागी दुखत असेल तर पळणं बंद करून डॉक्टरांना दाखवा. हे मी विनवून सांगते आहे.

@वर्दीचं_स्वप्न, तुझा थकवा वेगळा आहे. ताईंच्या पायात दोन तासांनी इंधन आणि उसळी संपते. तुझ्या पायात साडेपाच मिनिटांत इंधन भरपूर शिल्लक असतं, पण वेगाने जाळल्यामुळे स्नायूच्या पेशीत आम्लता आणि फॉस्फेट साचतं आणि आकुंचनच नीट होत नाही. लॅक्टिक ॲसिडला सगळे शिव्या देतात, पण लॅक्टेट हे स्वतः इंधन आहे, हृदयही ते वापरतं. तुझ्यात ताकद कमी नाही. ७५ च्या फेरीने तू उधारी करतोस आणि चौथ्या फेरीत वसुली होते. ८२ ने सुरू करून बघ. सरांना माझा नमस्कार सांग, पण 'गुडघे वर' शेवटच्या फेरीत ओरडून येत नाहीत.

लेकुरवाळी
हे लिहू की नको असा विचार करत होते, पण बायका वाचत असतील म्हणून लिहिते.

दुसऱ्या बाळंतपणानंतर सात महिन्यांनी पळायला लागले. पहिले चार किलोमीटर काही नाही. पाचव्यानंतर प्रत्येक पावलाला थोडी लघवी सुटायची. मी काळी टाइट्स घालायची आणि कुणाशी बोलायची नाही. वाटायचं, झालं, आता हे असंच.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही स्नायूच आहेत आणि तेही दमतात, हे मला एका फिजिओताईंनी सांगितलं. ताजे असताना धक्का झेलतात, दमले की झेलत नाहीत. पाच महिने नेमाने व्यायाम केला, मधल्या काळात चार किलोमीटरच्या पुढे गेले नाही. आता अकरा होतात. लाज वाटून पळणं सोडू नका गं कुणी.

खाडीकिनारी
लेकुरवाळी, तू लिहिलंस हे फार चांगलं केलंस. माझ्या दोन मैत्रिणींना दुवा पाठवतेय.

स्नायुगाथा
+१. आणि ह्यासाठी खास प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओ आता ठाणे-नवी मुंबईत आहेत. विचारायला संकोच करू नका.

पारसिकचा_पायी
रस्त्याच्या उताराबद्दल कुणीच बोललं नाही! कुठलाही रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी वाहून जायला. आपण कायम डाव्या कडेने पळतो. म्हणजे डावा पाय दर वेळी थोडा खाली पडतो. ताजे असताना कंबर ते सांभाळते, थकल्यावर नाही. ताई, तेच चित्रण एकदा सपाट जागी करा. सेंट्रल पार्कच्या आत किंवा दादोजी कोंडदेव स्टेडियमच्या सरळ पट्ट्यावर. दोन्हीकडे कंबर तशीच पडली तर स्नायू, नाहीतर रस्ता.

येऊरचा_वाटाड्या
वा! बावीस वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. उद्याच बाजू बदलून बघतो, पहाटे गाड्या नसताना.

मिसळपुराण
आणि हवेचं काय? मार्च ते जून आणि परत ऑक्टोबर, आपल्याकडे घाम येतो पण वाळत नाही. टोपी पिळली की पाणी. मी थंडीत पुण्याला पळालो तर शेवटचा किलोमीटर पहिल्यासारखा, इथे आठव्यालाच पाय ओढायला लागतो.

स्नायुगाथा
बरोबर. घाम वाळला तरच अंग थंड होतं. दमट हवेत तो नुसता गळतो, मग रक्ताला त्वचेकडेही जावं लागतं आणि स्नायूंकडेही, त्याच वेगाला ठोके चढत जातात. म्हणून आपल्याकडे ढब लवकर सुटते. ऑक्टोबरात वेगाचा हट्ट नको. मीठ-लिंबू-पाणी किंवा कोकम सोबत ठेवा.

खाडीकिनारी
मंडळी, सात आठवड्यांनी धागा वर काढते आहे, कारण इतक्या आपुलकीने लिहिलंत तर काय झालं ते सांगायलाच हवं.

दुखत होतं ते मांसातच, हाडावर नाही, दाखवून घेतलं. पहिले दोन आठवडे दहाच्या पुढे गेले नाही. सकाळी दूध तापत ठेवते तेव्हा ओट्याला एक हात लावून एका पायावर टाच उचलायची. सुरुवातीला डावीकडे नऊ व्हायचे आणि टाच कापायला लागायची, उजवीकडे सोळा. आता डावीकडे अठरा, उजवीकडे वीस. खोलीतून स्वयंपाकघरात टाचांवर चालत जाते, सासूबाई आधी हसल्या, आता त्याही माझ्यामागून येतात.

सेंट्रल पार्कात चित्रण केलं. सपाट जागीही कंबर पडते, पण पाम बीचपेक्षा कमी. म्हणजे पारसिकदादा, रस्ता आणि स्नायू दोन्ही.

काल पुन्हा १८ पळाले. पहिले दहा ६:५० ने, मुद्दाम. आवाज ह्या वेळी पंधराव्या किलोमीटरच्या पुढे बदलला, आधी बाराव्या-तेराव्यालाच बदलत असणार असं लेकाचं जुनं चित्रण सांगतं. बदलला तशी डाव्या पायाची पावलं मोजली, अर्ध्या मिनिटाला ३९ भरली. ४२ वर आणली, आणि खरंच शंभरेक पावलांत आवाज मऊ झाला. पुन्हा दोनदा बिघडला, पुन्हा मोजलं. शेवटचे पळालेले तीन ७:०२ ने आले. सतराव्यानंतर मात्र मोजूनही फट् फट् थांबेना, तेव्हा उरलेले सहाशे मीटर चालले. काका, तुमचं ऐकलं.

अनवाणीदादा, तुमचंही ऐकलं. पंधराव्यापर्यंत मोबाइल लेकाच्या खिशातच होता, त्याने फक्त आवाज ऐकला.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला असं सापडलं, की दोन्ही करायचं, पण वेगवेगळ्या वेळी: दम आठवडाभर वाढवायचा आणि ढब रविवारी सांभाळायची, तीही जेवढी सांभाळली जाईल तेवढीच. कंबर अजून पडते हं. तिला वेळ लागेल असं दिसतंय.

वर्दीचं_स्वप्न
मी पण सांगतो. ८२, ८४, ८४, ८३. एकूण ५:३३. शेवटच्या फेरीत पहिल्यांदाच पुढच्या मुलाची पाठ दिसली आणि ती जवळ येत होती. सर काही ओरडले नाहीत.

खारघरची_चढण
शाब्बास रे पोरा!! डोळ्यांत पाणी आणलंस.

आकडेमोड
चार फेऱ्यांत दोन सेकंदांचा फरक. सुंदर आकडे आहेत हे.

अनवाणी
ताई, नऊ सेकंद कमी करणाऱ्या मुलाचं आणि तुमचं, दोघांचंही मनापासून अभिनंदन. टाच उचलायचा व्यायाम मीही सुरू केलाय. डावीकडे अकरा.

येऊरचा_वाटाड्या
येत्या रविवारी उपवनला पहाटे सव्वापाचला जमूया. चढ हळू, उतार त्याहून हळू, वर्दीला पुढे सोडू. नंतर मिसळ माझ्याकडून.

सीवूड्सची_सर
मी येते. नेरूळकडून कुणी गाडीने निघतंय का? एका जागेची सोय झाली तर बरं होईल.

खाडीकिनारी
साडेचारला नेरूळ स्टेशनच्या पूर्वेला थांब, घेते. मागे सायकल असेल, दाटीवाटीने बसावं लागेल.